बीएमआय ‘नॉर्मल’, म्हणून निर्धास्त?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

‘बीएमआय नॉर्मल, म्हणजे काळजी नको’ हा समज आपल्याकडे सर्वांत घातक ठरतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. ते वजन स्नायूंचं की चरबीचं, चरबी मांड्यांवर आहे की पोटात यकृताभोवती, हे त्या आकड्याला कळत नाही. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवते ती मुख्यतः पोटातली चरबी. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, अशी अंगकाठी आपल्या घराघरांत दिसते. याज्ञिकांच्या गटाला तर पुणे परिसरातल्या खेड्यांत जन्मलेल्या, वजनाने कमी असलेल्या बाळांमध्येही स्नायूंच्या मानाने चरबी जास्त आढळली.

म्हणूनच जगभर वापरली जाणारी २५ ची मर्यादा आपल्याला पुरत नाही. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवलेल्या निकषांनुसार २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १६५ सेंटिमीटर उंची आणि ६६ किलो वजन असेल, तर बीएमआय २४.२ येतो. अनेक तक्ते त्याला ‘नॉर्मल’ म्हणतील. आपण म्हणू नये.

दुसरं टोकही चुकीचंच. ‘हा आकडा बिनकामाचा’ असं हल्ली ऐकू येतं. पैलवानाला तो उगाच लठ्ठ ठरवतो, हे खरं. गरोदरपणात तो लागू नाही. मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात. पण बीएमआय वाढतो तसा मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघ्यांची झीज यांचा धोका वाढतो, हे पक्कं आहे. १८.५ च्या खालीही धोका असतोच. कुपोषित शरीराला क्षयरोग लवकर गाठतो.

तेव्हा वजनकाट्याच्या जोडीला शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता, श्वास सोडून मोजा. पँट बांधतो तिथे नव्हे. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर, बायकांचा ८० सेंटिमीटर किंवा जास्त भरला, तर बीएमआय कितीही असो, रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.