केल्विन करताना २७३ च का मिळवायचे?

सेल्सिअसचे केल्विन करा म्हटले की मुले पटकन २७३ मिळवतात, मार्कही मिळतात. पण २७३ च का, हे कुणी विचारत नाही. म्हणूनच 'काल २० अंश होते, आज ४०, म्हणजे उष्णता डबल झाली' असे मोठी माणसेसुद्धा बोलतात. ते चूक आहे.

सेल्सिअसचा शून्य म्हणजे फक्त पाण्याचा बर्फ होतो ती जागा. स्वतः सेल्सिअसने १७४२ मध्ये उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० दिले होते! पट्टी नंतर उलटी केली गेली. फॅरनहाइटच्या पट्टीवर तोच बर्फ ३२ वर. म्हणजे हे शून्य माणसाने सोयीने ठेवलेले. बर्फातही उष्णता असतेच.

मग खरा शून्य कुठे? तो वायूंनी दाखवला. दाब तोच ठेवून वायू थंड केला, तर ० अंशाला जेवढे आकारमान असते त्याच्या साधारण २७३ व्या भागाने ते दर अंशाला घटते. असेच खाली जात राहिलो तर उणे २७३ ला आकारमानच उरत नाही. प्रत्यक्षात वायूचा आधीच द्रव होतो, ही गोष्ट वेगळी. पण विरळ वायू कोणताही घ्या, आलेखाची रेष तिथेच जाते. १८४८ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी कोणत्याही एका पदार्थावर अवलंबून नसलेली पट्टी सुचवली. तिचा शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. मराठीत निरपेक्ष शून्य, उर्दूत मुतलक सिफर. (इंग्रजीतला 'झिरो' याच अरबी 'सिफर'मधून आला, बरं का.)

आता वरचा हिशेब पुन्हा करा. २० अंश म्हणजे २९३ केल्विन, ४० अंश म्हणजे ३१३. डबल कुठे, वाढ जेमतेम ७ टक्के!

या शून्याला कण पूर्ण थांबतात असे सांगितले जाते, तेही तंतोतंत खरे नाही. थोडी हालचाल उरतेच, ती काढून घेता येत नाही. म्हणून तर नेहमीच्या दाबाखाली हेलियम कितीही थंड केला तरी गोठत नाही. हॉलंडच्या लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये त्याचा द्रव केला, तो सुमारे ४ केल्विनला. १९९५ मध्ये अमेरिकेत रुबिडियमचे अणू एका केल्विनच्या दहा लाखाव्या भागाच्याही खाली नेले गेले, आणि आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या गणितावरून आइन्स्टाइन यांनी सांगितलेली पदार्थाची अवस्था दिसली. शून्य मात्र तेव्हाही गाठता आले नाही. थंड करण्याच्या प्रत्येक पायरीला उरलेल्यातला काही भागच निघतो, आणि अशा पायऱ्या कितीही चढल्या तरी थोडे मागे राहतेच.