वाढत्या शहराचा खर्च कोणी सोसावा? : पुणे शहरातील विकास शुल्काचा अभ्यास

शहरात नव्याने राहावयास येणाऱ्या कुटुंबाला पाणी हवे असते, मैलापाणी वाहून नेणारी व्यवस्था हवी असते, घरापर्यंत पोहोचणारा रस्ता हवा असतो. ही सर्व कामे ते कुटुंब येण्यापूर्वी व्हावी लागतात आणि त्यांचा खर्चही आधीच करावा लागतो. मग तो पैसा कोणाकडून घ्यावयाचा? शहरात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या करदात्यांकडून, नव्या रहिवाशांकडून, इमारत बांधून विकणाऱ्या विकसकाकडून, की ज्याच्या शेतजमिनीचे मोल रातोरात वाढले त्या जमीनमालकाकडून? नगर-अर्थकारणाच्या अभ्यासातील हा मूलभूत प्रश्न आहे. प्रस्तुत पाठात आपण तो पुणे शहराच्या संदर्भात, ‘विकास शुल्क’ या एका आकारणीच्या आधारे समजून घेणार आहोत.

अठराव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी भुयारी नळाने पुण्यात आणले, तेव्हा खर्च राज्यकर्त्यांच्या तिजोरीतून झाला आणि पाणी शहरातल्या हौदांतून लोकांना मिळाले. इंग्रजी अमलात खडकवासल्याचे धरण सरकारने बांधले. १९५० साली पुणे महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर मात्र शहराच्या दैनंदिन सोयींचा भार प्रामुख्याने शहराच्याच उत्पन्नावर आला. या उत्पन्नाचे दोन मोठे खांब होते : जकात आणि मिळकतकर.

त्यांपैकी पहिला खांब आता उरलेला नाही. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तोही संपला. त्याच्या बदल्यात राज्य शासन महानगरपालिकांना दरवर्षी ८ टक्के वाढीच्या हिशेबाने भरपाई देते. ही रक्कम नियमित असते, परंतु ती शहराने स्वतः ठरवलेली नसते. दुसरा खांब मिळकतकराचा. तो वाढवणे कोणत्याही पक्षाच्या नगरसेवकाला सोयीचे नसते. करवाढीचा प्रस्ताव आला की सर्व बाकांवर दुर्मीळ एकमत दिसते. साहजिकच शहराची नजर तिसऱ्या स्रोताकडे वळली. तो म्हणजे बांधकाम परवानगीच्या वेळी मिळणारे उत्पन्न. विकास शुल्क त्याचाच एक भाग आहे.

विकास शुल्काचा कायदेशीर पाया

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा राज्यातील नगरनियोजनाचा मुख्य कायदा. मूळ कायद्यात विकास शुल्क नव्हते. १९९२ च्या दुरुस्तीने त्यात एक नवे प्रकरण घालण्यात आले आणि जमिनीचा विकास किंवा इमारतीचे बांधकाम करणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणांना मिळाला. हे शुल्क वेगळ्या विकास निधीत जमा करावे व त्यातून सार्वजनिक सुविधा उभाराव्यात, अशी कायद्याची योजना आहे.

येथे ‘शुल्क’ आणि ‘कर’ यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कर हा सार्वजनिक तिजोरीसाठी घेतला जातो. करदात्याला त्याच्या मोबदल्यात अमुक एक सेवा मिळेलच असे नाही. शुल्क मात्र कोणत्या तरी सेवेशी बांधलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात हा भेद विस्ताराने मांडला. (हे शिरूर पुणे जिल्ह्यातील नव्हे, हा उडुपीच्या अष्टमठांपैकी एक मठ आहे.) पुढील काळात न्यायालयाने हा निकष काहीसा सैल केला. भरलेला प्रत्येक रुपया आणि मिळालेली सेवा यांचा तंतोतंत मेळ बसण्याची आवश्यकता नाही, सर्वसाधारण संबंध पुरेसा आहे, अशी भूमिका घेतली गेली. तरीही मूळ तत्त्व कायम आहे. शुल्क घेणाऱ्याने त्या शुल्कातून काय दिले, हा प्रश्न नागरिक विचारू शकतो.

आकारणी कशी होते?

१९९२ मध्ये शुल्काचे दर प्रति चौरस मीटर ठरावीक रुपयांत होते. अशा दरांचे दुखणे उघड आहे. सिमेंट, लोखंड, मजुरी, जमीन अशा साऱ्यांचे भाव चढत जातात आणि कायद्याच्या अनुसूचीत छापलेला आकडा जिथल्या तिथे राहतो. तो बदलायचा तर दर वेळी विधिमंडळात जावे लागते. यावर उपाय म्हणून पुढे कायद्यात दुरुस्ती करून हे दर वार्षिक मूल्यदर तक्त्याशी, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात ‘रेडी रेकनर’ म्हणतो त्याच्याशी, जोडण्यात आले. मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी राज्य शासन प्रत्येक विभागातील जमिनीचे मूल्य या तक्त्यात जाहीर करते. निवासी वापरासाठी जमिनीच्या विकासावर या दराच्या ०.५ टक्के आणि बांधकामावर २ टक्के अशी आकारणी असते. वाणिज्य वापराला याच्या दुप्पट दर लागतो.

पुढील उदाहरण काल्पनिक आहे, परंतु आकारणीची रीत त्यातून स्पष्ट होईल. २,००० चौरस मीटरच्या एका भूखंडावर ३,००० चौरस मीटर निवासी बांधकाम करावयाचे आहे आणि तेथील जमिनीचा तक्त्यातील दर २०,००० रुपये प्रति चौरस मीटर आहे. जमिनीवरील शुल्क प्रति चौरस मीटर १०० रुपये, म्हणजे एकूण २ लाख रुपये. बांधकामावरील शुल्क प्रति चौरस मीटर ४०० रुपये, म्हणजे १२ लाख रुपये. दोन्ही मिळून १४ लाख. मेट्रोसारखा महत्त्वाचा नागरी वाहतूक प्रकल्प शहरात हाती घेतला असेल, तर विकास शुल्कात १०० टक्के वाढ करण्याची तरतूद कायद्यात नंतर समाविष्ट झाली आहे. ती लागू झाल्यास रक्कम २८ लाख होते. या इमारतीत ४० सदनिका असतील, तर प्रत्येक सदनिकेमागे ७० हजार रुपये.

आता याच इमारतीची दुसरी बाजू पाहू. प्रत्येक सदनिकेत चार माणसे धरली तर एकूण १६० माणसे झाली. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. त्यानुसार या एका इमारतीला रोज २१,६०० लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर आणि वर थोडे. वापरलेल्या पाण्याचा मोठा भाग मैलापाणी होऊन बाहेर पडेल. मुलांना शाळा लागेल, वाहनांना रस्ता लागेल. सदनिकेमागे मिळालेल्या ७० हजारांत या सर्वांतील वाट्याचा भांडवली खर्च भागतो काय? आकारणीच्या सूत्रात या प्रश्नाला कोठेच जागा नाही. सूत्र जमिनीची किंमत पाहते. जलवाहिनीची लांबी पाहत नाही.

दर अद्ययावत करणे म्हणजे नेमके काय?

मूल्यदर तक्ता बदलला की शुल्क आपोआप बदलते, म्हणून ही पद्धत अद्ययावत राहते असे सामान्यतः समजले जाते. हे अर्धेच खरे आहे. एक तर तक्ता दरवर्षी वाढतोच असे नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ या सलग दोन वर्षांत राज्य शासनाने दर कायम ठेवले होते. घरखरेदीदाराला दिलासा आणि बांधकाम व्यवसायाला चालना ही त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. पण त्याच दोन वर्षांत महानगरपालिकेच्या निविदांतील दर थांबून राहिले नव्हते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. कोरेगाव पार्कसारख्या भागात जमिनीचा दर चढा आहे; तेथे रस्ते, जलवाहिन्या, मैलावाहिन्या पूर्वीपासून आहेत. वाघोली किंवा मांजरी बुद्रुक येथे जमीन तुलनेने स्वस्त आहे आणि तेथे बहुतेक सर्व नव्याने उभारावयाचे आहे. शुल्क जमिनीच्या दरावर बेतलेले असल्यामुळे जेथे गरज सर्वाधिक तेथे प्रति चौरस मीटर उत्पन्न कमी, आणि जेथे गरज कमी तेथे उत्पन्न अधिक, असे हे उलटे गणित आहे. दर कितीही वेळा वाढवला तरी हे व्यस्त प्रमाण बदलत नाही. म्हणून केवळ दर वाढवण्याला अद्ययावतीकरण म्हणणे अपुरे आहे. आकारणीचा पायाच खर्चाकडे वळवणे हे खरे अद्ययावतीकरण होय.

अमेरिकेत अशा आकारणीला नव्या विकासाच्या भारापोटी घ्यावयाचे शुल्क समजतात. टेक्सास राज्याने १९८७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. शहराने आधी अपेक्षित लोकवस्तीचा अंदाज आणि भांडवली कामांचा आराखडा तयार करावयाचा, त्यावरून शुल्क ठरवावयाचे आणि निदान पाच वर्षांनी हा सारा हिशेब पुन्हा मांडावयाचा, अशी तेथील पद्धत आहे. ठरावीक मुदतीत पैसा खर्च झाला नाही तर तो परत मागता येतो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८७ व १९९४ च्या दोन प्रसिद्ध निकालांत दोन कसोट्या घालून दिल्या : शासनाने घातलेली अट आणि विकासामुळे पडणारा भार यांत खरा संबंध असावा, आणि अटीचे ओझे त्या भाराच्या साधारण प्रमाणात असावे. आपल्या शिरूर मठ निकालातील विचाराशी या कसोट्यांचे नाते सहज दिसते. फरक एवढाच की तेथे हिशेब आधी मांडावा लागतो, आपल्याकडे तो नंतर मागावा लागतो.

गावे आली, पाणी आले नाही

पुण्याच्या हद्दीची वाढ हा या विषयाचा सर्वांत बोलका भाग आहे. १९९७ मध्ये ३८ गावे महानगरपालिकेत आली. त्यांतील काही पुढे वगळली गेली. २०१७ मध्ये ११ गावे आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे समाविष्ट झाली. शहराचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि क्षेत्रफळाने पुणे ही राज्यातील सर्वांत मोठी महानगरपालिका झाली.

या गावांत इमारती आधी आल्या होत्या आणि व्यवस्था नंतर यावयाच्या होत्या. पाणी उपलब्ध होईपर्यंत रहिवाशांना ते पुरवण्याची जबाबदारी आपली, असे हमीपत्र विकसकाकडून घेऊन परवानगी देण्याची रीत पडली. इमारत पूर्ण होते, गृहरचना संस्था स्थापन होते, विकसक पुढच्या प्रकल्पाकडे जातो आणि टँकरचे देयक सभासदांच्या मासिक वर्गणीत येऊन बसते. १९९७ च्या गावांपैकी बाणेर आणि बालेवाडीतील पाणीटंचाईचा प्रश्न २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथील नव्या बांधकाम परवानग्या थांबवण्याचा अंतरिम आदेश झाला. समावेशाला तेव्हा जवळपास वीस वर्षे होत आली होती.

२०२१ च्या २३ गावांत आणखी एक गुंता झाला. गावे महानगरपालिकेत आली, पण तेथील नियोजनाचे अधिकार राज्य शासनाने २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे ठेवले. त्यामुळे बांधकाम परवानगी प्राधिकरणाने द्यावयाची, विकास शुल्क प्राधिकरणाने घ्यावयाचे, आणि कचरा, पाणी, पथदिवे यांसाठी नागरिकांनी महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जावयाचे, अशी स्थिती निर्माण झाली. या शुल्कातील वाटा आपणास मिळावा, अशी मागणी महानगरपालिकेकडून होत राहिली. दोन्ही संस्थांकडे आपापल्या बाजूने सांगण्यासारखे आहे. प्राधिकरणाला वर्तुळाकार मार्ग, मेट्रो यांसारखी प्रादेशिक कामे आहेत. तथापि, शुल्क घेणारा एक आणि सेवा देणारा दुसरा असला की शुल्काचे ‘शुल्कपण’च धोक्यात येते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शुल्क अखेरीस भरतो कोण?

शुल्क विकसक भरतो, म्हणून त्याचा भार त्याच्यावरच पडतो असे नाही. घरांना मागणी जोरात असेल तर तो ग्राहकाच्या किमतीत जातो. मागणी मंद असेल तर विकसकाचा नफा घटतो. दर आधीपासून माहीत व स्थिर असतील, तर जमीन घेतानाच विकसक तेवढी रक्कम वजा करून भाव सांगतो, आणि भार जमीनमालकाच्या वाढीव लाभातून निघतो. न्यायाच्या दृष्टीने ही तिसरी शक्यता सर्वांत चांगली. कारण शहराच्या वाढीमुळे जमिनीचे मोल वाढले, त्यातील काही भाग शहराकडे परत येतो. मात्र त्यासाठी शुल्काचे दर काही वर्षे आधी जाहीर झाले पाहिजेत. अचानक वाढवलेले शुल्क बहुधा घर घेणाऱ्याच्या कर्जाच्या हप्त्यात उतरते.

दर अकस्मात बदलण्याची सवय दोन्ही दिशांनी आढळते. कोविडच्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, राज्य शासनाने जादा चटई क्षेत्रासाठीच्या अधिमूल्यांत वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलतीचे धोरण स्वीकारले. सवलत घेणाऱ्या विकसकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट होती. व्यवसाय सावरण्यासाठी निर्णय उपयुक्त होता. परंतु सवलत राज्याने ठरवली आणि त्या इमारतींच्या रहिवाशांना पुढची पन्नास वर्षे पाणी पुरवण्याची जबाबदारी शहराकडे राहिली.

विकास शुल्काची आणखी एक मर्यादा अशी की ते एकदाच मिळते. त्यातून जलवाहिनी टाकता येते, पण पंपाचे वीजबिल दरमहा येते. बांधकाम मंदावले की हे उत्पन्नही आटते. म्हणून मोठ्या कामांसाठी शहराला अन्य वाटा शोधाव्या लागतात. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये २४ तास पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले. मुळा-मुठेच्या प्रदूषण नियंत्रणाचा, मंजुरीच्या वेळी ९९० कोटींचा असलेला, प्रकल्प जपानी अर्थसाहाय्यावर उभा आहे. कर्जरोख्यांचे व्याज आणि मुद्दल शहराच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच फेडावयाचे असते, आणि त्या उत्पन्नात बांधकाम परवानगीचा वाटा मोठा आहे.

स्वयंअध्ययनासाठी उपक्रम

आपण राहता त्या नगरपालिका किंवा महानगरपालिका क्षेत्रातील आपल्या विभागाचा वार्षिक मूल्यदर तक्त्यातील जमिनीचा दर शोधा. नजीकच्या काळात पूर्ण झालेली एखादी निवासी इमारत निवडून वर दिलेल्या रीतीने तिचे विकास शुल्क काढा. त्या इमारतीतील रहिवाशांना पाणी कोठून मिळते आणि मैलापाणी कोठे जाते, याची प्रत्यक्ष विचारपूस करा. त्यानंतर आपल्या स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकात विकास निधीचा जमाखर्च वेगळा दाखवला आहे काय ते पाहा. तो न आढळल्यास माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा तयार करून संपर्क सत्राच्या वेळी समंत्रकांना दाखवा.