आवाजाला फोडणी एकदाच!

दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीखालचं टेबल सरकवलं, की मागे वायरींचा गुंता दिसतो. ‘‘जपून हं!’’ असं कुणीतरी आतून ओरडतं आणि नेमकी तेव्हाच एखादी पिन निघून हातात येते. झालं, घरातली गाणी बंद! मुलगा पुण्याहून सुट्टीला आला की जोडून देईल, म्हणून आपण थांबतो. महिना जातो, दोन महिने जातात. सकाळची भक्तिगीतं, दुपारी निवडण-टिपण करताना लागणारी जुनी गाणी, सगळं त्या एका पिनेपायी अडतं.

मैत्रिणींनो, मिक्सरचं भांडं कसं बसवायचं, गॅसचा रेग्युलेटर कसा लावायचा, हे आपल्याला कुणी वर्ग घेऊन शिकवलं नाही. करता करता आलं. हेही तसंच आहे. बऱ्याच घरांत जुना डेक किंवा स्टिरिओ अजून ठणठणीत असतो आणि त्याच्या शेजारी होम थिएटरचे ५.१ स्पीकर, म्हणजे ५ लहान डबे आणि १ मोठा, येऊन बसलेले असतात. डेकवरची गाणी या नव्या स्पीकरवर ऐकायची असतील, तर एकच गोष्ट नीट समजून घ्यायची.

डेकच्या जुन्या स्पीकरना स्वतःचा प्लग नसतो. आवाज मोठा करण्याचं काम डेकच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर करतो आणि तो मोठा झालेला आवाज दोन तारांतून स्पीकरकडे जातो. होम थिएटरच्या अशा सेटमध्ये बहुतेक वेळा मोठ्या डब्यात, म्हणजे सब-वूफरमध्येच, अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो. म्हणून त्याला वेगळा प्लग असतो. ओळखायची खूण हीच.

आता बघा, आमटीला डेकने फोडणी दिली आणि नव्या स्पीकरनेही पुन्हा दिली, तर काय होईल? करपणारच! डेकच्या मागे लाल-काळ्या चिमट्यांत स्पीकरच्या तारा अडकवतात ना, तिथून फोडणी दिलेला आवाज बाहेर पडतो. २० वॉटचा डेक ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण आवाजात साडेबारा व्होल्टच्या आसपास दाब देतो. नव्या स्पीकरच्या पिनेला मात्र एखाद-दुसऱ्या व्होल्टचीच सवय. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींकडे शेजारच्या मुलाने हौसेने त्या चिमट्यांतूनच तारा काढून सब-वूफरला जोडल्या. आधी आवाज फाटला, मग जळका वास आला आणि नवाकोरा सेट दुरुस्तीला गेला. चूक एवढीशी, पण खर्च केवढा!

मग आवाज घ्यायचा कुठून? फोडणी न दिलेला! डेकच्या मागे ‘लाइन आउट’, ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ असं लिहिलेली लाल-पांढरी गोल भोकं आहेत का, बघा. दुकानात ‘लाल-पांढरी ऑडिओ वायर’ म्हटलं की मिळते. तिचं एक टोक इथे आणि दुसरं सब-वूफरवरच्या ‘ऑक्स’ लिहिलेल्या भोकांत लावायचं. लालला लाल, पांढऱ्याला पांढरं. ‘ऑक्स’ नसून नुसती ६ भोकं असतील, तर ‘फ्रंट’ लिहिलेल्या दोहोंत लावा. ‘टेप आउट’मधून जोडलं तर डेकचं व्हॉल्यूमचं बटण फिरवून सहसा काही होत नाही. आवाज नव्या स्पीकरवरूनच कमी-जास्त करायचा.

मागे अशी भोकं नसतील, तर पुढे हेडफोनचं भोक असतं. एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशी वायर मिळते. हेडफोनचं भोक जाडं असेल तर जोडीला छोटा अ‍ॅडाप्टर घ्या. इथे मात्र डेकचा आवाज आधी अगदी बारीक ठेवायचा आणि हळूहळू वाढवायचा. यातलं काहीच नसेल, नुसते चिमटेच असतील, तर गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या दुकानात ‘हाय-लो कन्व्हर्टर’ मिळतो. तो जोडायचं काम मात्र जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

जोडताना दोन्हींचे प्लग काढलेले हवेत. सुरू करताना आधी डेक, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर, मग डेक. म्हणजे ‘धप्प’ असा दणका बसत नाही.

गाणी लागली, पण मागचे स्पीकर गप्प? घाबरू नका, बिघाड नाही. कॅसेट असो की गाण्यांची नेहमीची सीडी, तिच्यात दोनच बाजूंचा आवाज असतो, डावा आणि उजवा. सहा डब्यांसाठी वेगवेगळा आवाज त्यात भरलेलाच नसतो. काही सेटच्या रिमोटवर तो दोन बाजूंचा आवाज सगळ्या स्पीकरवर पसरवायचं बटण असतं, ते दाबून बघा.

‘घूंऽऽ’ असा आवाज सतत येत असेल, तर दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावून बघा आणि ऑडिओची वायर विजेच्या वायरींपासून लांब ठेवा. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाका, असा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. गुणगुण थांबेलही, पण शॉक लागण्याचा धोका घरात येईल. ती पिन आपल्या जिवाची राखण करते.

सगळं नीट लागलं, की शेवटचं काम. जोडीच्या पिन आणि भोकावर नेलपॉलिशचा एकसारखा ठिपका द्या आणि कुठली वायर कुठे जाते, ते हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवा. मागचा भाग मोबाइलवर टिपून ठेवला तर आणखी बरं. पुढच्या वेळी पिन निघाली की लेकीला हाक मारा आणि तिच्याच हातून ती लावून घ्या.