गिरणाकाठची केळी
जळगाव जिल्ह्यातलं भडगाव गिरणा नदीच्या काठावर; पण वरचं गिरणा धरण दरवर्षी भरतंच असं नाही. दोन एकरवाल्याचं सारं गणित तिथेच अडतं. कंद लावून मोकळं पाणी दिलेल्या केळीचा घड हाती यायला साधारण 18 महिने लागत, म्हणजे तितके महिने पाणी पुरवावं लागे. टिश्यू कल्चरचं रोप, ठिबक आणि ठिबकमधूनच खत, एवढं जमलं की 11-12 महिन्यांत कापणी येते, तीही जवळपास एकदम. व्यापाऱ्याची गाडी एका फेरीत भरते, भाव ठरवताना बोलायला बळ येतं. रोपं-नळ्यांना मात्र आधी रोख लागते. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जळगाव जिल्हा होता. त्यात अनुदान मिळे, पण खर्च झाल्यावर. मधल्या महिन्यांची उसनवारी, मला वाटतं, लहान शेतकऱ्याला सगळ्यात जड जाते.