रुग्णालय बांधण्यापूर्वी...

"डॉक्टर, बोळिंजला मोठे रुग्णालय कधी होणार?" म्हाडाच्या नव्या इमारतींतले रुग्ण मला विचारतात. रुग्णालय हवेच, पण ते कसे असावे, हे पाया खणण्याआधीच ठरते.

मे महिन्यात वीज गेली की बंद खिडक्यांच्या वॉर्डात घामाने निथळणारे रुग्ण मी पाहिले आहेत. वातानुकूलन, जनित्र, सिमेंट, पोलाद या सर्वांतून कार्बन वायू हवेत जातो. जगातील अशा वायूंपैकी सुमारे ४.४ टक्के आरोग्यसेवेचे, असा २०१९ चा अंदाज आहे. म्हणजे उपचार करता करता आपण उष्माघाताचे रुग्णही वाढवतो!

उपाय साधे आहेत. अर्नाळ्याकडून येणारा वारा वॉर्डात आरपार खेळू द्यावा. त्याने क्षयाचा संसर्गही कमी होतो. पश्चिमेला रुंद व्हरांडा, छपरावर सौरपट्ट्या, राखमिश्रित सिमेंट वापरावे. वातानुकूलन शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभागापुरते ठेवावे.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी १९९३ साली शोधग्राममध्ये आदिवासींना विचारून झोपड्यांसारखा दवाखाना उभारला. आपणही नकाशा मंजूर होण्यापूर्वीच विचारावे, "वॉर्डाच्या खिडक्या उघडतात ना?"