महाल सुंदर आहे का?

औशाचा भुईकोट पाहायला येणारे बहुतेक जण तटबंदी, खंदक पाहून परततात. खरी पाहण्याची जागा पाणीमहाल. जमिनीखाली मोठं दालन, आणि त्याचं छत म्हणजेच वरच्या हौदाचा तळ! डोक्यावर पाणी, म्हणून बसणाऱ्याला गारवा.

1790 मध्ये कांटनं नेमका महालाचाच दाखला घेतला. महाल सुंदर आहे का, असं विचारलं तर कुणी रूसोच्या थाटात म्हणेल, बड्यांच्या डौलापायी लोकांचा घाम गेला. कांट म्हणतो, मान्य. पण प्रश्न तो नव्हताच. सुंदर म्हणताना आपली गरज बाजूला ठेवावी लागते.

त्याच शतकात इंग्लंडात डॉर्सेटच्या एका लॉर्डनं हवेलीसमोरचा देखावा बिघडतो म्हणून अख्खं गाव उठवून पलीकडं वसवलं. आज लोक तिथली हिरवळ पाहतात आणि निसर्गाचं कौतुक करतात. असो.

औशात मात्र कांटची फोड नीट लागते, आणि तिथंच अडतेही. छताचाच तळ करण्याची कल्पना सुंदर. गारवा हा त्याच्या भाषेत नुसता सुखद, कारण तो शरीराची गरज भागवतो. पण इथं एकाशिवाय दुसरं नाही! आणि पाण्याची गरज बाजूला ठेवायची कुणी? इथून वीसेक किलोमीटरवर लातूर. 2016 च्या एप्रिलात तिथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला हौद दाखवून ‘सुंदर आहे ना?’ असं विचारून बघा. ती काय म्हणेल, ते कांटच्या विरोधात जाईलच असं मला वाटत नाही.