फिश टँकचं पाणी हिरवं झालंय? आधी उजेड बंद करा!

सुरगाण्यातल्या मासेप्रेमींनो, टँकचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि पांढऱ्या कागदासमोर धरून बघा.

⚪ दुधाळ दिसतंय? जिवाणू वाढलेत. नव्या टँकमध्ये हे नेहमीचंच. खाणं कमी करा, बहुतेक वेळा आपोआप निवळतं.

🟢 हिरवं दिसतंय? हे तरंगणारं एकपेशीय शेवाळ. साध्या स्पंजमधून ते आरपार जातं, म्हणून नुसता फिल्टर धुऊन उपयोग नाही.

त्याला लागतो उजेड आणि खत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट टँकवर येतं. खत मिळतं उरलेल्या खाण्यातून आणि माशांच्या विष्ठेतून.

उपाय:
1. पाव ते तृतीयांश पाणी बदला, तळातली घाण पाइपने ओढून काढा.
2. लाइट बंद करून टँक जाड कापडाने 3-4 दिवस झाका. एअर पंप मात्र चालूच ठेवा, मरणारं शेवाळ ऑक्सिजन खातं. खाणं अगदी थोडं द्या.
3. नंतर पुन्हा तेवढंच पाणी बदला.
4. पुढे लाइट रोज 6-8 तासच.

पुन्हापुन्हा हिरवं होत असेल तर यूव्ही फिल्टर लावा.

⚠️ पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकतात. ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा किंवा अँटिक्लोरीन घाला, मगच वापरा. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, उपयोगी जिवाणू वाचतात.

आणि नकोसे झालेले मासे नार-पार नद्यांत सोडू नका!

#मत्स्यपालन #फिशटँक #सुरगाणा